पंच्याऐंशी अंशांचा अर्थ

ऑक्टोबरची उन्हं तापली होती. देऊळगाव राजा तालुक्यातल्या एका शेडनेटमध्ये मिरचीच्या बीजोत्पादनाचं क्रॉसिंग ऐन भरात होतं. दुपारी शेतकऱ्याचा फोन आला, "सर, तुमचं यंत्र पंच्याऐंशी डिग्री दाखवून राह्यलं. आम्ही तर आतच उभे आहोत!"

आकडा ऐकताच दुखणं कळलं. मी लावलेला सेन्सर डीएस१८बी२० जातीचा. या तीन पायांच्या चिपला वीज मिळाली, की तिच्या स्मृतीत आधी ८५ हाच आकडा बसतो. मोजणी पूर्ण झाली की खरं तापमान त्याची जागा घेतं. अजून मोजलेलं नाही, एवढंच ती चिप सांगत होती. जाऊन पाहिलं तर वायरचा एक जोड मी कच्चा सोल्डर केलेला. वाऱ्यानं वायर हलली की वीज तुटायची आणि मोजणी अर्ध्यावर राहायची.

ही मोजणी सिलिकॉनच्या स्वभावावर चालते. ट्रान्झिस्टरमधून ठरावीक प्रवाह सोडला, तर त्याच्या सांध्यावरचा विद्युतदाब दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टनं उतरतो. पण प्रत्येक ट्रान्झिस्टर थोडा वेगळा. म्हणून तापमानाच्या चिपमध्ये सहसा जुळी जोडी घेऊन दोघांतून वेगवेगळा प्रवाह सोडतात. त्यांच्या दाबांतला फरक निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. मला आजही याचं नवल वाटतं.

त्या फरकाचा आकडा व्हायला १२ बिटांच्या मोजणीत पाऊण सेकंद लागतो. ३५.५ अंश असतील तर चिप ५६८ पाठवते. आपण १६ नं भागायचं. सोबत तपासणीची एक संख्या येते, तिच्यावरून वाटेत बिट बिघडला का ते कळतं. प्रत्येक चिपला स्वतःचा ६४ बिटांचा क्रमांक असल्यानं एकाच वायरवर अनेक सेन्सर टांगता येतात.

अंशाचा सोळावा भाग दिसतो म्हणून तितकं अचूक समजू नये. −१० ते ८५ अंशांच्या टप्प्यात हमी अर्ध्या अंशाची आहे. शिवाय चिप मोजते ते स्वतःचं तापमान. उन्हात टांगली तर ती उन्हानं तापलेल्या धातूचा आकडा देईल. वेधशाळेतले तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवतात ते याचसाठी. आमच्या जिल्ह्यात तर घाटावरची आणि घाटाखालची दुपार वेगळी, आणि शेडनेटच्या आतली आणखी तिसरी. मिरचीचे परागकण जास्त उष्णतेत निकामी होतात, तेव्हा आकडा फुलाजवळच्या हवेचाच हवा.

त्या दिवशी जोड पक्का केला, सेन्सर फुलांच्या उंचीवर पांढऱ्या आडोशाखाली बांधला. प्रोग्रामही बदलला. आता ८५ आला की पडद्यावर आकडा येत नाही, 'वायर तपासा' अशी अक्षरं येतात.