पैसेही भरा, जाहिरातीही बघा!

शनिवारी आई-बाबांसोबत पिक्चर लावला. ऐन रडायच्या सीनला धाडकन साबणाची जाहिरात! बाबा म्हणाले, "अरे, तू याचे पैसे भरतोस ना?" काय बोलणार, कप्पाळ! कंपनीचं नाव कशाला घेऊ?

अमेरिकेत नेटफ्लिक्सने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहिरातींचा वेगळा प्लॅन आणला, तो निदान स्वस्त तरी होता. प्राइम व्हिडिओने जानेवारी २०२४ मध्ये तिथे चालू प्लॅनमध्येच जाहिराती घुसवल्या. नको असतील तर वर महिन्याला २.९९ डॉलर मागितले. जून २०२५ मध्ये जाहिराती भारतातही आल्या.

केबलच्या काळात ब्रेकमध्ये आई कुकर लावून यायची. शनिवारीही ती तशीच उठली.

'स्किप'चं बटण किती सेकंद लपवायचं, हा कोड कुणीतरी इंजिनिअरच लिहितो. एकदा मीही लिहिलाय. बाबांना अजून सांगितलेलं नाही.