क्यूब पास झाल्यावर

पाडलेल्या इमारतीच्या राडारोड्यातली खडी हातात घेतली की तिला चिकटलेला जुना सिमेंटचा मसाला नखाला लागतो. अख्खा दगड सिमेंटचं आकसणं अडवून धरतो. हा मसाला पाणी पितो आणि स्वतःच दबतो. म्हणून असं काँक्रीट सुकताना जास्त आकसतं, कायमच्या भाराखाली वर्षानुवर्षं जास्त वाकत जातं. आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीनं सळईच्या काँक्रीटमध्ये, तेही एम २५ पर्यंतच, २० टक्क्यांची मुभा दिली. मला ती पटते. डोंगर तरी किती फोडायचे?

परवा बाहेर झुकलेल्या बाल्कन्यांसाठी टक्का वाढवायची चिठ्ठी आली. मी सही केली नाही.

"साहेब, २८ दिवसांचा क्यूब तर पास आहे," कंत्राटदार म्हणाला.

क्यूब काही मिनिटांत फुटतो. बाल्कनीत कुंड्या, वॉशिंग मशीन कायमची असतात, असं त्याला सांगितलं. फाइल अजून टेबलावरच आहे.