पोटावरचा पांढरा

पिंगळा म्हटले की बुलढाणा जिल्ह्यात कुणाच्याही डोळ्यांपुढे एकच मूर्ती येते: गावकुसाच्या चिंचेच्या ढोलीतून दिवेलागणीला बाहेर पडणारा, तारेवर बसून डोळे वटारणारा आणि माणूस दिसला की अंग खालीवर करणारा मूठभर पक्षी. पहाटे कंदील घेऊन दारोदार भविष्य सांगत फिरणाऱ्याचे नावही तेच. नाव इतके घरचे झाले, की त्याच्या आडोशाला आणखी कुणी राहत असेल असा संशयही येत नाही. पण जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, संग्रामपूर तालुक्यात, सातपुडा उभा राहतो. तिथले १२७ चौरस किलोमीटरचे अंबाबरवा अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पातच मोडते, आणि मेळघाटच्या सागवनात वनपिंगळा आहे. (मराठीत ‘रानपिंगळा’ कधी याला म्हणतात, कधी अंगभर आडव्या रेघा असलेल्या जंगली पिंगळ्याला, म्हणून इथे वनपिंगळाच म्हणू.) म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी दुर्बीण उचलणाऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो तो अगदी खरा: फांदीवर बसलेला हा गावातला, की वनातला?

यावर ठरलेले उत्तर असे, की डोके पाहा. ठिपके असले तर नेहमीचा, नसले तर वनपिंगळा. नियम खोटा नाही, पण सगळा भार त्याच्यावर टाकणे मला पटत नाही. ‘ठिपके नाहीत’ ही खूण नव्हे, खुणेचा अभाव आहे. आणि अभाव निर्माण करणारी कारणे पुष्कळ. दुपारचे ऊन डोक्यावरून घसरले की ठिपके विरतात. पिसांतल्या गडद रंगद्रव्याने पिसाला बळकटी येते, पांढऱ्या भागाला ती नसते. त्यामुळे जुन्या पिसांवर आधी झिजतो तो पांढराच. पिलांच्या डोक्यावर तर ठिपके आधीच पुसट. आणि वनपिंगळ्याचे डोके अगदी कोरे असते असेही नाही. जवळून पाहिले तर बारीक, फिके ठिपके असतात. याउलट पोटाची साक्ष भक्कम आहे. वनपिंगळ्याच्या छातीचा वरचा भाग एकसंध तपकिरी, कुशींवर आडवे पट्टे, आणि त्याखाली पोट निखळ पांढरे. गावातल्या पिंगळ्याच्या पोटावर तपकिरी डागांची नक्षी उतरत जाते, आणि मानेमागे पांढरी पट्टी असते, ती वनपिंगळ्याला ठळक नाही. झिजेने पांढरे कमी होईल. डागाळलेले पोट झिजून स्वच्छ पांढरे व्हायचे नाही. शिवाय शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, बोटांपर्यंत पांढऱ्या पिसांनी मढलेले दणकट पाय आणि मोठी चोच. उंची मात्र विसरावी: एक तेवीस सेंटिमीटर, दुसरा एकवीस, आणि हा फरक तीस पावलांवरून मोजणारा डोळा अजून जन्मायचा आहे.

कुणी म्हणेल, एवढा कीस काढण्यापेक्षा जागा आणि वेळ पुरे. घनदाट सागवान आणि भर दिवसा उघड्या फांदीवर बसलेला पिंगळा, म्हणजे आणखी काय हवे? पण कावळ्या-बुलबुलांनी छळले की गावातला पिंगळाही भरदुपारी बाहेर येतो, आणि वस्तीजवळच्या जंगलात त्याला मज्जाव नाही. जागेवर विसंबण्याची किंमत याच पक्ष्याच्या इतिहासात मोजली गेली आहे. १८७२ साली ब्लेविटने आजच्या छत्तीसगडात मिळवलेल्या नमुन्यावरून ह्यूमने १८७३ मध्ये याचे वर्णन केले (हाच ह्यूम पुढे काँग्रेसच्या संस्थापकांत). १८८४ पर्यंत जगभरच्या संग्रहालयांत मिळून सात कातडी जमली, त्यांतली बरीचशी डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेली. मग सामसूम. मधल्या काळात वनपिंगळ्याचे म्हणून छापलेले छायाचित्रही गावातल्या पिंगळ्याचेच निघाले. एक नमुना मात्र १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळाला, असे कर्नल माइनर्ट्झहागेनची चिठ्ठी सांगत होती. ती चिठ्ठी खोटी होती. ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेले डेव्हिडसनचेच कातडे पुन्हा भरून त्याला नवी जागा, नवी तारीख चिकटवलेली होती. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी ही लबाडी उघडी पाडली. मांडवी वगळून खऱ्या जागांचा माग घेतला, तेव्हा २५ नोव्हेंबर १९९७ रोजी रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ जिवंत वनपिंगळा दिसला. मध्ये ११३ वर्षे गेली होती. पिसे खरे बोलत होती. खोटे बोलली ती जागा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आता डीएनए असताना पोट आणि शेपटी कशाला? २०१८ च्या जनुकीय अभ्यासाने वनपिंगळा ‘अथेने’ या प्रजातीतच बसतो असे दाखवले, म्हणजे गावातल्या पिंगळ्याच्या गोतावळ्यातच. ह्यूमने त्याला ‘हेटेरोग्लॉक्स’, म्हणजे वेगळे घुबड, म्हटले होते. ते वेगळेपण गेले. पण प्रयोगशाळेने कूळ बदलले, छातीचा तपकिरी आणि पोटाचा पांढरा जागच्या जागी राहिला. टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ २०१९ मध्ये याच बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला तेव्हा त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, ओळखीचा प्रश्नच नव्हता. पिंगळ्यापुढे उभ्या असलेल्याजवळ ना कॉलरची लहर, ना रक्ताचा थेंब. पानगळीने मोकळे झालेले सागाचे झाड असते, आणि एक पक्षी, जो बहुतेक वेळा पाठच दाखवून बसतो. तो वळेपर्यंत वहीत नुसते ‘पिंगळा’ लिहावे.