मेढ कुठं आहे

वांगणीच्या आमच्या जुन्या घराला भिंती नव्हत्या, कूड होते. बोटभर जाडीच्या कारवीच्या काठ्या उभ्या लावायच्या, बांबूच्या कांबींनी आवळायच्या आणि वरून माती, शेण, भाताचं तूस कालवून लिंपायचं. असा कूड वारा अडवतो, पाऊस अडवतो, पण भार पेलत नाही. भार असतो मेढींवर, म्हणजे लाकडी खांबांवर. रात्री दिवा नसताना आम्ही चौघं भावंडं मेढी चाचपतच पडवीतून चुलीपाशी जायचो. कुठल्या मेढीला कुठं गाठ, कुठं कुऱ्हाडीची खाच, सगळं हाताला पाठ होतं.

टीव्ही आम्ही पहिल्यांदा पाहिला तो गुरुजींच्या खोलीत. ‘रामायण’ सुरू झालं २५ जानेवारी १९८७ ला. आमच्या पाड्यावर तेव्हा वीज नव्हती. गुरुजींचा टीव्ही १४ इंची, कृष्णधवल, १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. बॅटरी उतरली की जव्हारला चार्जिंगला न्यायची. दादा ती कावडीत घालून न्यायचा, एका बाजूला बॅटरी, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच वजनाचा धोंडा. ॲसिड हिंदकळू नये म्हणून चाल संथ ठेवावी लागे, तरी त्याच्या लेंग्याला भोकं पडलीच. रविवारी सकाळी एक जण बांबूवरचा ॲण्टेना फिरवायचा आणि आतले ओरडायचे, “आला, आला... गेला!” चित्रापेक्षा मुंग्याच जास्त. पण त्या मुंग्यांतून राम दिसला की म्हाताऱ्या बायका हात जोडायच्या, आणि आम्हीही जोडायचो. पुढं गुरुजींची बदली झाली आणि टीव्हीही त्यांच्याबरोबर गेला.

मग १९९२-९३ चं वर्ष आलं. वावर-वांगणीत कुपोषणानं लेकरं गेली, शंभरावर. जीपा आल्या, पुढारी आले, पेपरवाले आले. आमच्या गावाचं नाव राज्यभर गाजलं ते असं. आमच्या घरातली झोळी चुलीच्या बाजूच्या दोन मेढींमधल्या तुळईला टांगलेली असे. धाकटीला आम्ही त्या झोळीत झोके दिले होते. त्या वर्षी झोळी सोडली. दोर मात्र आयनं काढला नाही, तो बरीच वर्षं तुळईला तसाच लोंबत राहिला. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. आजही आम्ही भावंडं भेटलो की गुरुजींचा टीव्ही, कावड, बोहाड्याच्या उत्सवातले मुखवटे असं सगळं निघतं, आणि दोराशी आलं की थांबतं.

सपाट टीव्ही घरात आला तो दादा-वहिनीनं वीटभट्टीवरच्या दोन हंगामांतून जे शिल्लक टाकलं त्यातून. दिवाळी झाली की आमच्याकडची निम्मी माणसं भिवंडी-वसईकडच्या भट्ट्यांवर उतरतात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. त्या वर्षी वहिनी परतली ती ३२ इंची खोका मांडीवर घेऊन. तो ३२ चा आकडा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं मापतात हे आम्हाला तेव्हा कळलं, कारण पोरांनी रुंदी मापली आणि दुकानदारानं फसवलं म्हणून रडारड केली.

बसवायला आलेल्या माणसानं कुडावर हात टेकवला आणि मशीन पिशवीत परत ठेवलं. त्याची चूक नव्हती. त्याच्याकडं होत्या गिट्ट्या. गिट्टीला आवळून धरायला विटा नाहीतर सिमेंट लागतं. कारवी आणि शेणमातीत गिट्टी कशाला धरणार?

काम केलं ते आमच्या आतेभावानं. तो तरुणपणी व्हिडिओ कोच गाड्यांवर क्लीनर होता. ड्रायव्हरच्या डोक्यामागं लोखंडी पेटीत जाडजूड टीव्ही असायचा, त्या गाड्या. त्याच जुन्या गाड्यांत नंतर पेट्या काढून सपाट टीव्ही बसवायची कामं त्यानं केली होती. गाडीची आतली भिंत म्हणजे नुसता पत्रा आणि पातळ प्लाय. तिच्यात स्क्रू मारला तर पहिल्याच घाटात टीव्ही प्रवाशांच्या अंगावर. म्हणून आधी पत्र्यामागचा पाइप शोधायचा, दोन पाइपांवर आडवी फळी घ्यायची, फळीवर ब्रॅकेट, आणि हादऱ्यानं ढिलं पडू नये म्हणून नटाखाली रबर. आमच्या घरात आल्याबरोबर त्यानं विचारलं, “मेढ कुठं आहे?” आम्ही चौघांनी एकदमच हात दाखवले.

तरी त्यानं बोटाच्या पेरानं कूड ठोकून पाहिला. कारवीवर आवाज बसका, मेढीवर टणक. पूर्वेचा कूड सगळ्यात सरळ होता, समोर बसायला जागाही ऐसपैस. पण त्यावर दादाच्या लग्नाचा चौक होता. सवाष्णींनी गेरूवर तांदळाच्या पिठानं काढलेला, मधोमध पालघाट देवी. रंग विटला होता, कडा पोपडल्या होत्या. आय उठून त्या कुडापुढं उभी राहिली. “इथं देवी हाय.” आतेभावानं मान डोलावली आणि दुसरी जागा विचारली. आयनं चुलीच्या बाजूच्या त्या दोन मेढी दाखवल्या. “तिथं भार पेलतोय,” एवढंच म्हणाली. मग स्टुलावर चढून तिनं स्वतःच दोराची गाठ सोडली.

फळी निघाली जुन्या माळ्याची, सागाची, वाळून दगड झालेली. अशा लाकडात स्क्रू सरळ घातला तर ते तडकतं. त्यानं आधी बारीक भोकं पाडली आणि स्क्रूला साबण लावला. टीव्हीचं वजन चार-पाच किलोच, पण फळी तीन माणसांच्या जोरानं ओढून पाहिल्याशिवाय तो पुढं सरकला नाही. फळीमागं दोन बोटं फट ठेवली, पावसाळ्यात कूड ओलावतो म्हणून. डिशची वायर आत घेण्याआधी बाहेर खाली झोल दिला, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी ठिबकतं, घरात येत नाही. उंचीवरून मात्र वाद झाला. गाडीच्या सवयीनं तो वर धरत होता. आमच्या घरात सगळे जमिनीवर बसतात. शेवटी आयला भुईवर बसवलं आणि पडद्याचा मध्य तिच्या डोळ्यांच्या रेषेत आणला.

आयचा खरा प्रश्न वेगळाच होता. “दिवाळीला सारवायचं कसं?” बसवायला आलेल्या त्या माणसाला हे सुचलंच नसतं. आतेभावानं ब्रॅकेटच असं निवडलं की टीव्ही वर उचलला की आकड्यांतून सुटतो. मग दर दिवाळीला दोघांनी टीव्ही उतरवायचा, गोधडीत गुंडाळून कणगीशेजारी निजवायचा, आयनं फळीच्या वर-खाली सारवून घ्यायचं आणि वाळलं की परत टांगायचा. टीव्ही उतरवला की मागची जागा फिकट दिसे, चुलीचा धूर तिथवर पोचलेला नसे. गेल्या साली आयनं हातानं ओढलेले अर्धगोल तिथं जसेच्या तसे असत, बोटं मोजता येतील इतके स्पष्ट.

आय चार वर्षांपूर्वी गेली. त्या दिवाळीला वहिनी शेणमातीची पाटी घेऊन उभी राहिली, आणि टीव्हीमागचा तेवढा तुकडा सारवायचा राहू दिला.

आता घरकुल झालंय. सिमेंटच्या भिंतीत पुतण्यानं मशीननं भोकं पाडली, गिट्ट्या ठोकल्या, पाच मिनिटांत टीव्ही वर. जुनं घर उतरवलं तेव्हा कूड मातीत मिसळून गेला, अर्धगोलांसकट. मेढी नव्या गोठ्याला लावल्या. फळी दादानं घरात आणली. ब्रॅकेटची चार भोकं तिच्यात दिसतात, स्क्रूच्या साबणाचा पांढुरका डाग दिसतो, आणि तिच्यावर वहिनी नागलीच्या बियाण्याचं मडकं ठेवते.