पट्टी झाकून बघितलेला डाव



बांधावर उभं राहून सल्ला देणारी माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. पाऊस पडून गेला की म्हणतात, "काल फवारायलाच नको होतं." आदल्या दिवशी तोच माणूस आभाळाकडे बघून गप्प उभा असतो. आज शेतातली नोंद नाही, बुद्धिबळाची आहे. पण बांधावरची माणसं तिथंही भेटली म्हणून लिहितोय.

28 जुलै 2025, पहिला श्रावणी सोमवार. उपवासामुळे काकडीला उठाव होता, म्हणून गाडीबरोबर मीच दादरला गेलो होतो. माल उतरवून, हिशेब करून लालबागला तात्यांकडे गेलो. तात्या म्हणजे माझे मोठे चुलते. 1982 च्या संपापर्यंत गिरणीत होते, आजही त्याच चाळीत राहतात. खोलीत साबुदाण्याच्या खिचडीचा वास आणि टीव्हीसमोर दहा-बारा माणसं. महिला विश्वचषकाची अंतिम लढत चालू होती, जॉर्जियातल्या बातुमीला. एका बाजूला आपल्या नागपूरची दिव्या देशमुख, वय 19. समोर आंध्रच्या कोनेरू हम्पी, वय 38. दिव्याचा जन्मही झाला नव्हता तेव्हा, 2002 सालीच, हम्पी ग्रँडमास्टर झालेल्या. दोघी भारतीय, म्हणजे कप आपल्याकडेच येणार हे नक्की होतं. आधीचे दोन मोठे डाव बरोबरीत सुटलेले. आता जलद डाव: प्रत्येकीला 15 मिनिटं आणि दर खेळीला 10 सेकंद जादा.

ज्यांनी असं प्रक्षेपण बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पटाच्या कडेला एक काळी-पांढरी उभी पट्टी असते. कॉम्प्युटर प्रत्येक खेळीला हिशेब करतो आणि ज्याची बाजू वरचढ त्याचा रंग वाढतो. खोलीतली निम्मी माणसं पट बघतच नव्हती. पट्टी हलली की ओरडा व्हायचा, "अरे, काय खेळली ही! एवढं दिसत नाही?" यातल्या दोघांना घोडा कसा चालतो तेही मला विचारावं लागलं होतं.

माझा पुतण्या कोपऱ्यात बसला होता. वय 14. दोन वर्षं मन लावून खेळला, पण मे महिन्यापासून एकाही स्पर्धेत उतरला नाही. मी कारण विचारलं तर म्हणाला, "काका, माझा कुठलाही डाव मशीनमध्ये टाका, निम्म्या खेळ्या चूक दाखवतं. मला नाही जमणार हे." त्याच्या आईला वाटत होतं अभ्यासाचं टेन्शन असेल.

पहिला जलद डावही बरोबरीत गेला. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी. तात्या उठले, कालनिर्णयच्या जुन्या पानाची पट्टी फाडली आणि टीव्हीच्या कडेला चिकटवली. आवाजही बंद केला. पोरं कुरकुरली. तात्या म्हणाले, "त्या दोघींसमोर आहे का ही पट्टी? मग तुम्हाला कशाला? आता ज्याला बोलायचंय त्याने खेळी होण्याआधी बोलायचं."

तात्यांची सवयच ती. 1972 साली फिशर आणि स्पास्कीचा सामना झाला, तेव्हा गिरणीतली ही मंडळी पेपरातल्या खेळ्या पटावर मांडून बसायची. त्या काळी लांबलेला डाव तहकूब व्हायचा. खेळाडू पुढची खेळी लिहून पाकिटात बंद करायचा, पाकीट दुसऱ्या दिवशी उघडायचं. बंद पाकिटात काय असेल यावर चाळीत वाद रंगायचे. तात्या म्हणतात, चुकलो तर सगळ्या चाळीसमोर चुकायचो, म्हणून बोलायच्या आधी दहादा बघायचो. गिरगावातल्या खाडिलकर बहिणींचं त्यांना फार कौतुक. 1974 ची महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंती खाडिलकरांनी जिंकली, पुढं जयश्री आणि रोहिणी यांनीही ते पद मिळवलं, आणि 1981 साली रोहिणी आशियाई विजेत्या झाल्या. तेव्हा कुठली पट्टी?

कागद चिकटवल्यावर खोली शांत झाली. "हत्ती हलवेल." "नाही, राजा पुढं आणेल." तात्या प्रत्येकाला एकच विचारायचे, "का?" पुतण्या हळूहळू पुढं सरकत टीव्हीपाशी आला. त्याच्या काही खेळ्या जुळल्या, काही नाही. नाही जुळली की तो स्वतःच म्हणायचा, "थांबा, तिने वेगळं काय बघितलं?" खालून मंडपाच्या बांबूंचा आवाज येत होता, तोही कुणाला ऐकू येत नव्हता. हम्पींच्या घड्याळात फार थोडा वेळ उरला होता. आता सगळे घड्याळ बघत होते, आणि इतका वेळ जे हसत होते त्यांचेच हात घामेजले होते.

दिव्या जिंकली. स्पर्धेत उतरताना तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता, या विजयाने ती थेट देशाची 88 वी ग्रँडमास्टर झाली. आईच्या गळ्यात पडून रडली. तिच्यापेक्षा जास्त आमच्या वहिनी रडल्या.

नंतर तिची मुलाखत लागली. ती म्हणाली की शेवटचा खेळ मला अजून शिकायला हवा, सोपा विजय मी मध्येच बिघडवला होता. पुतण्याने आवाज वाढवून ते पुन्हा ऐकलं. मग कागद काढला आणि तोच डाव पट्टीसकट परत लावला. पट्टी खरंच खालीवर होत होती. म्हणजे विश्वचषक जिंकणाऱ्या डावातही मशीनला चुका सापडतात. तो काही बोलला नाही, पण रात्री पट काढून तात्यांबरोबर बसला.

मशीन वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. माती परीक्षणाचा रिपोर्ट आपणही घेतोच. पण उत्तर आधीच दिसत असलं की समोरच्याला ते का दिसलं नाही हे आपण विचारतच नाही, नुसतं हसतो. लहान पोरगं तेच हसू स्वतःवर ओढून घेतं.

आता पुतण्या डाव संपला की आधी वहीत लिहितो: कुठं अडलो, काय वाटलं, का खेळलो. मगच मशीन लावतो. या महिन्यात परळच्या एका स्पर्धेत नावही दिलंय. तुमच्या घरात कुणी खेळत असेल तर एकदा पट्टी झाकून डाव बघा आणि काय झालं ते मला सांगा.

काकडीचा दर आणि तोडणीची नोंद उद्या टाकतो.