दहांतील एक

गेल्या पावसाळ्यात एका सायंकाळी आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आमच्या कार्यालयात येऊन बसला. कारखान्यातील नोकरी गेल्यावर त्याने विम्याची एजन्सी घेतली होती. घरी लग्नाची बहीण, वडिलांचा या कामाला विरोध. म्हणाला, "फादर, मी हे सोडतो. मला पाहिले की लोक दार लावून घेतात."

"किती दारे लागली?" आम्ही विचारले.

"पुष्कळ."

पुष्कळ म्हणजे किती, हे त्याला सांगता येईना. नकार मोजला नाही की तो मनात फुगत जातो. आम्ही त्याला एक वही दिली आणि महिनाभर प्रत्येक भेट लिहिण्यास सांगितले.

विमा व्यवसायात एक जुने गुणोत्तर प्रचलित आहे : १०, ३, १. दहा जणांना विचारावे, तिघे बसून ऐकतात, एक पॉलिसी घेतो. अमेरिकेतील अल ग्रॅनम या विमा व्यावसायिकाने ते रूढ केले. महिन्याने आलेल्या वहीत ४२ नावे होती. ११ जणांनी बसवून घेतले, तिघांनी पॉलिसी घेतली. म्हणजे आमचा तरुण अपयशी नव्हताच! मग एवढा खचला का?

कारण पहिला महिना. तेव्हा तो नऊ जणांकडे गेला आणि सात पॉलिसी झाल्या. मामा, मावशी, बाप्तिस्म्याचे धर्मपिता. ही मंडळी विम्याला नव्हे, भाच्याला 'हो' म्हणाली होती. तोच हिशेब पुढेही चालेल असे त्याने धरले आणि परक्या दारी पहिल्या आठवड्यातच मोडून पडला.

सेमिनरीत असताना आम्हीही सुट्टीत एका मासिकाची वर्गणी गोळा करीत हिंडलो होतो. झग्याला चहा मिळे, वर्गणी मिळत नसे. एका आळीत दोघेच वर्गणीदार झाले, त्यांतील एक तिसऱ्या खेपेस. पण त्या गृहस्थांनी "भातकापणीनंतर या" असे आपणहून सांगितले होते, हे विसरता कामा नये. 'आता नको' आणि 'नको' ही दोन वेगळी उत्तरे आहेत. पहिल्यापुढे तारीख लिहावी, दुसऱ्यावर रेघ ओढावी. चिकाटीच्या नावाखाली दोन्ही सारखीच धरणाऱ्यांमुळेच नको असलेले दूरध्वनी रोखण्यासाठी २००७ मध्ये देशाला राष्ट्रीय नोंदवही काढावी लागली.

विमा कंपन्या आणखी एक आकडा पाहतात. विकलेल्या पॉलिसींपैकी किती तेराव्या महिन्यातही चालू आहेत? आम्हाला हा आकडा पहिल्यापेक्षा प्रामाणिक वाटतो. तो सांगताच तरुण गप्प झाला.

त्याची मावशी विधवा. पहाटेच्या गाडीने भाजी घेऊन दादरला जाते. वर्षाचा हप्ता तिने साठवणीतून भरला होता. पुढचा कोठून भरणार, हे त्याने विचारलेच नव्हते. पॉलिसी हाती आल्यापासून तीस दिवसांत परत करण्याची सवलत २०२४ च्या नियमांत आहे. ते दिवस उलटून गेले होते.

त्याने वहीची मागची पाने उलटली, मावशीचे नाव काढले आणि बराच वेळ पाहत राहिला.

"तिला सांगावे लागेल," तो म्हणाला, "मीच."

दुसऱ्या दिवशी ती बाजारातून परतण्याच्या वेळी तो स्टेशनवर जाऊन उभा राहिला.