रकान्यातली विहीर

प्रशासनाचा निम्मा कारभार रकान्यांवर चालतो, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. सातबारा असो, जनगणनेचे प्रपत्र असो की शिधापत्रिकेचा अर्ज, रकाना रिकामा ठेवून चालत नाही. आणि चालत नाही म्हणूनच तो कसाबसा भरला जातो. भरलेला आकडा मोजलेला आहे, कोणी सांगितलेला आहे की बसल्याजागी अंदाजाने टाकलेला आहे, हे मात्र कागदावर दिसत नाही. तिन्ही आकडे एकाच शाईत उमटतात. याचा जितका ठळक प्रत्यय मला भिलाईजवळच्या विहिरींच्या एका प्रकरणात आला, तितका महसुली दप्तरातही क्वचितच आला असेल.

भिलाई म्हटले की महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसालाही पोलाद आठवते. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. नागपूर-भंडाऱ्याकडून नोकरीनिमित्त येथे आलेल्या घरांत आज तिसरी पिढी नांदते आहे. या पिढीला विहीर ठाऊक असते ती आजोळच्या गोष्टींतून. कारखान्याचे आणि वसाहतीचे पाणी बालोदजवळच्या तांदुला जलाशयातून, तसेच महानदीवरील गंगरेल धरणातून कालव्याने येते, मरोद्याच्या तलावात साठते आणि तेथून पुढे जाते. सेक्टरच्या नळाला पाणी आले की प्रश्न मिटला.

सेक्टरांची हद्द ओलांडून उत्तरेला जामुल, नंदिनी, धमधा या बाजूस गेले की चित्र पालटते. तेथे धान आहे, भाजीपाला आहे, धमधा भागात टोमॅटो आहे, आणि या सर्वांखाली चुनखडक आहे. नंदिनीच्या खाणीतला चुनखडक झोतभट्टीत जातो. तोच खडक शेतकऱ्याची विहीरही पोसतो. भूवैज्ञानिक त्याच्या थरांना चांदी चुनखडक, गुंडरदेही शेल अशी नावे देतात, आणि हे थर शंभर कोटी वर्षांहून जुने मानले जातात. इतक्या जुन्या खडकात वाळूसारखी छिद्रे उरलेली नसतात. पाणी राहते ते भेगांत, आणि चुना विरघळून तयार झालेल्या पोकळ्यांत. त्यामुळे एकाच बांधाच्या अलीकडे भरपूर पाणी आणि पलीकडे कोरडी विंधन विहीर, हा अनुभव येथे नित्याचा आहे.

अशा जमिनीत किती पाणी उपसावे, हे ठरवण्यासाठी उपसा चाचणी घेतात. एका विहिरीवर पंप लावायचा, ठरावीक वेगाने पाणी काढायचे आणि त्या विहिरीतील, तसेच जवळच्या दुसऱ्या एका निरीक्षण विहिरीतील, पातळी ठरावीक मिनिटांनी मोजत राहायचे. पंप बंद केल्यावर पाणी कसे चढते, तेही टिपायचे. कल्पना आपल्याकडे नवी नाही. आपल्या गावांत विहिरीची कुवत मोटांत सांगत. दोन मोटांची विहीर म्हणजे जिच्यावर दोन मोटा चालल्या तरी पाणी पुरते ती. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर तर नावातच आपले माप घेऊन उभी आहे. हे माप वैशाखात लागे, आणि विहिरीवर राबणाऱ्या माणसाच्या डोळ्यांदेखत लागे.

त्या अनुभवाला गणिताची बैठक मिळाली ती १९३५ साली. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील चार्ल्स थाईस यांना असे सुचले की, तापलेल्या पत्र्यात उष्णता जशी पसरते तसाच उपशाचा परिणाम जलधर खडकात पसरत असावा. उष्णतेचे गणित तयार होते. क्लॅरेन्स लुबिन या गणितज्ञ स्नेह्याच्या मदतीने त्यांनी ते पाण्याला लावले. त्यातून दोन आकडे हाती येतात. खडकातून पाणी किती सहज वाहते, याचा एक. आणि पातळी एक मीटर उतरली तर खडक आपल्या साठ्यातून किती पाणी सोडतो, याचा दुसरा. सोयीसाठी पहिल्यास वहनांक आणि दुसऱ्यास साठवणांक म्हणू. पूर्वी हे आकडे काढण्यासाठी आलेखाच्या कागदावर वक्ररेषा जुळवीत बसावे लागे. आता ॲक्टेसॉल्व्ह, ॲक्विफरटेस्ट अशा नावांची सॉफ्टवेअर ते क्षणात करतात. आपण फक्त रकाने भरायचे : विहिरींची जागा, व्यास, खोली, जलधराची जाडी, उपशाचा वेग, वेळ, पातळी.

माझ्यासमोर आलेले प्रकरण साधे होते. एका नव्या वसाहतीसाठी विंधन विहिरी घेतल्या होत्या. शेजारच्या गावातील शेतकऱ्यांची तक्रार होती की, या उपशाने आमच्या विहिरी उन्हाळ्यात आटतील. वसाहतीच्या बाजूने तीन दिवसांच्या उपसा चाचणीचा अहवाल सादर झाला. त्यावर रंगीत आलेख होते, वक्ररेषा बिंदूंवर चपखल बसली होती, आणि निष्कर्ष असा होता की चारशे मीटरवरच्या विहिरींवर लक्षात येण्याजोगा परिणाम संभवत नाही. सुनावणीला आलेले शेतकरी तो आलेख हातात घेऊन उलटसुलट पाहत होते. त्यांच्यापैकी एका वृद्ध गृहस्थांनी एवढेच विचारले की, मोजणीच्या वेळी आमच्या विहिरीत कोणी डोकावले होते का? उत्तर कोणाकडेच नव्हते.

मी अभियंता नाही. परंतु अहवालात साठवणांक ०.२१ दिला होता, आणि तेथे माझी नजर अडली. भूजल अंदाज समितीच्या १९९७ च्या कार्यपद्धतीत साध्या चुनखडकासाठी दोन टक्के आणि पोकळ्या पडलेल्या चुनखडकासाठी आठ टक्के हे प्रमाण धरले आहे. नदीकाठच्या वाळूलाही सोळाच टक्के. हा खडक एकवीस टक्के पाणी सोडतो, हे मानायचे कसे? मी मूळ क्षेत्रनोंदी मागवल्या. हस्तलिखित तक्त्यावर निरीक्षण विहिरीचे अंतर ३० मीटर होते. संगणकावर आकडा ३०च भरला होता; फक्त नकाशाचे एकक फूट राहिले होते. काही सॉफ्टवेअरमध्ये नकाशाचे, विहिरीच्या मापांचे, वेळेचे आणि उपशाचे एकक स्वतंत्रपणे निवडावे लागते. पातळ्या मीटरमध्ये होत्या, अंतर तेवढे फुटांत गेले. तीस मीटर दूरची विहीर संगणकाच्या लेखी नऊ मीटरवर येऊन बसली.

यात वक्ररेषेचे काहीच बिघडत नाही, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. रेषा पूर्वीइतकीच सुंदर जुळते, वहनांकही बरोबरच येतो. त्या अहवालात तो दिवसाला सुमारे ४० चौरस मीटर होता. चूक सगळी साठवणांकात जाऊन बसते, कारण तो अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. मीटरच्या जागी फूट धरले की तो जवळजवळ पावणेअकरा पट फुगतो. अंतर सुधारल्यावर आकडा ०.०२ वर आला, म्हणजे समितीने धरलेल्या दोन टक्क्यांवर.

आता या एका एककाची किंमत पाहा. मिनिटाला ३०० लिटर असा उपसा सलग शंभर दिवस चालला, तर चारशे मीटरवर पातळी किती उतरेल? चुकीच्या साठवणांकाने उत्तर येते साडेतीन सेंटिमीटर. दुरुस्त आकड्याने तेच उत्तर एक मीटरच्या थोडे वर जाते. ज्या विहिरीत मे महिन्यात जेमतेम दीड-दोन मीटर पाणी उरते, तिच्या दृष्टीने हा फरक भाजीचा एक हंगाम हाती लागण्याचा किंवा जाण्याचा आहे. शिवाय थाईसचे गणित खडक सर्वत्र सारखा आणि अमर्याद पसरलेला आहे, असे धरून चालते. भेगांच्या चुनखडकात ते गृहीत कितपत टिकते? एखादी भेग दोन्ही विहिरींना जोडत असेल तर उतार मीटरहून बराच अधिक होईल, जोडत नसेल तर शून्यही होईल. ते कोणत्याही रकान्यात मावत नाही.

बाकीचे रकानेही मग तपासले गेले. जलधराची जाडी ४० मीटर लिहिली होती. ती कोठून आली असे विचारता, विंधन विहिरीच्या खोलीतून पाण्याची पातळी वजा केली, असे उत्तर मिळाले. प्रत्यक्षात पाणी लागले होते दोन भेगांना. सुदैवाने या पद्धतीत वहनांक जाडीवर अवलंबून नसतो, म्हणून नुकसान झाले नाही. उपशाचा वेग मात्र गंभीर बाब होती. तो दोनशे लिटरचे पिंप चाळीस सेकंदांत भरते, यावरून काढला होता. पद्धत उत्तम, पण पिंप एकदाच, पहिल्या सकाळी भरले होते. दुसऱ्या रात्री वीज गेली होती, हे गावातल्या सगळ्यांना माहीत होते. तक्त्यात त्या तासांपुढेही ३०० असाच आकडा होता.

सुनावणीनंतर काही शेतकऱ्यांच्या मोठ्या विहिरींवरही चाचणी घ्यायची ठरली, तेव्हा त्या वृद्ध गृहस्थांनी आधीच बजावले की, पंप लावल्यावर पहिला पाऊण तास तुम्हाला जे दिसेल ते विहिरीचे पाणी, जमिनीचे नव्हे. हिशेब केला तर तो तंतोतंत जमतो. चार मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर उंचीच्या पाण्याचे साडेबारा हजार लिटर होतात. मिनिटाला ३०० लिटरने ते उपसायला बेचाळीस मिनिटे लागतात. पॅपाडोपुलोस आणि कूपर यांनी १९६७ साली रुंद विहिरींसाठी जे सूत्र मांडले, ते हेच पाणी वेगळे काढते. मात्र त्यासाठी व्यासाच्या रकान्यात विहिरीचा खरा व्यास लिहावा लागतो. तेथे सवयीने विंधन विहिरीचे सहा इंच लिहिले, तर विहिरीच्या पोटातले पाणी खडकाच्या खात्यावर जमा होते. आणखी एक गोष्ट त्यांनीच सुचवली : चाचणी कालवा बंद असताना घ्या. कालवा वाहता असला की जवळच्या विहिरींची पातळी उतरता उतरता थबकते, आणि संगणकाला वाटते की खडक उदार आहे.

पुनर्चाचणी एप्रिलमध्ये, कालवा कोरडा असताना झाली. दर दोन तासांनी पिंप भरून वेग मोजला गेला. चारशे मीटरवरच्या विहिरीत तीन दिवसांत काहीही दिसले नाही, आणि ते अपेक्षितच होते. एवढ्या अंतरावर परिणाम पोहोचायला आठवडे लागतात. वसाहतीच्या बाजूने याच शून्यावर भर देण्यात आला. मी तो युक्तिवाद मान्य केला नाही. शेवटी रोजच्या उपशाचे तास आठवर आणले, एक विंधन विहीर बंद ठेवण्यास सांगितले आणि तक्रारदारांच्या तीन विहिरींची पातळी दर पंधरवड्याला कोटवाराने पंच म्हणून दोन्ही बाजूंसमोर मोजावी, असे ठरले. मोजणी कोठून करायची यावर वाद नको म्हणून प्रत्येक विहिरीच्या काठावर छिन्नीने एक खूण केली. जमिनीपासून की कठड्यापासून, या एका प्रश्नावर साठ सेंटिमीटर इकडचे तिकडे होतात.

वसाहतीत राहायला आलेल्या कुटुंबांविषयीही लिहिले पाहिजे. त्यांनी आयुष्याची पुंजी घालून घरे घेतली होती आणि नळाला पाणी येईल एवढीच त्यांची अपेक्षा होती. आठ तासांच्या अटीचा त्रास त्यांना झाला, टँकर मागवावे लागले, आणि त्यांचे शिष्टमंडळ माझ्याकडे येऊन गेले. त्यांना तो कागदोपत्री चुनखडक समजावून सांगणे शेतकऱ्यांना समजावण्याहून कठीण गेले.

यानंतर आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक चाचणी अहवालासोबत एक जादा पान मागवण्यास मी सुरुवात केली. सॉफ्टवेअरमध्ये भरलेला प्रत्येक आकडा, त्याचे एकक, तो कोणी, कधी आणि कशाने मोजला, आणि मोजला नसेल तर कोठून घेतला, एवढेच त्यावर लिहायचे. सल्लागारांची पहिली प्रतिक्रिया नाराजीची होती. एकाने तर, संगणकात असा रकानाच नाही, अशी अडचण सांगितली. पहिल्या वर्षी आलेल्या पानांवर जाडीच्या आकड्यापुढे बहुतेकांनी ‘अंदाजे’ असे लिहिले होते; अंतरापुढे मात्र टेपची लांबी आणि मोजणाऱ्याची सही येऊ लागली.